बाबांच्या बंदुकीचा पहिला बार

केंटकीच्या या डोंगरांत तोंडाकडून ठासायच्या बंदुका लोक अजून हौसेने उडवतात. बाबांच्या क्लबाची रीत अशी, की सभासद गेला की त्या सप्टेंबरच्या नेमबाजीत पहिला बार त्याच्या बंदुकीचा निघतो. बार एकच. जो बार काढेल, बंदूक त्याची. मृत्युपत्रात काय लिहिलंय ते कोणी विचारत नाही.

बाबा मार्चमध्ये गेले. बंदूक त्यांनी स्वतः घडवलेली, मेपलच्या दस्त्याची. बार डेलमर नोबल काढणार, असं सगळे धरून चालले होते. मी लेक्सिंग्टनहून अडीच तास गाडी चालवत आले, ती त्याने तो काढू नये म्हणून.

डेलमर गावात ट्रक दुरुस्त करतो. अकरा वर्षं दर गुरुवारी तो बाबांच्या शेडमध्ये यायचा आणि दोघं मिळून लाकडी धनुष्यं करायचे. मी रविवारी फोन करायची. बाबा विचारायचे, तिकडे पाऊस आहे का. मी सांगायची. मग ते म्हणायचे, बरं, ठेवतो. मी ग्रंथपाल आहे. मत्सराने पोखरलेली माणसं मी पुष्कळ वाचली आहेत आणि ती मला नेहमी जरा मूर्खच वाटत आली. दफनाच्या दिवशी डेलमरने दोरी उतरवलेलं एक धनुष्य पेटीत बाबांच्या शेजारी ठेवलं. आधी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. तरी तेव्हापासून त्याचं नाव निघालं की माझे दात आवळले जायचे.

"बार कोण काढणार?" इमोजीनमावशीने विचारलं. मावशी ऐंशीच्या पुढची. मैदानावर शब्द तिचा.

"मी," मी म्हणाले.

बंदूक डेलमरच्या हातात होती. त्याने ती लगेच माझ्यापुढे केली. "तुझीच आहे की."

त्याने थोडं तरी भांडायला हवं होतं. अडीच तास मी त्याचीच तयारी करत आले होते.

त्याच्या खांद्याला बाबांचं शिंग लटकत होतं, बंदुकीची दारू ठेवायचं.

"हे तुझ्याकडे कधी आलं?"

"दोन वर्षं झाली. हात थरथरतो म्हणाला, बूच निघत नाही माझ्याच्याने. घे, तूच वागव आता."

बाबांचा हात थरथरायचा. फोनवर हात दिसत नाही. मी नळीच्या तोंडावर तेलकट कापडाची चकती ठेवली, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गजाने ती पार तळापर्यंत दाबली. मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली. नेम धरून चाप ओढला. काडी मोडावी तेवढा आवाज झाला, आणि पुढे काहीच नाही.

"नळी समोरच ठेव. हलायचं नाही," मावशी म्हणाली. मिनिटभर आम्ही सगळे तसेच उभे. मग तिने गज नळीत सोडून पाहिला. भरलेल्या बंदुकीची खूण बाबांनी गजावर कोरली होती. ती बोटभर आत गेली.

"कोरडी," मावशीने जाहीर केलं. "पोरीने दारूच घातली नाही."

"पुस्तकात तसंच लिहिलं असेल," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले, पण बेताने. माझ्या शोकाच्या काळ्या कपड्यांचा मान राखून.

काही ठिकाणी मागच्या छिद्रातून चिमूटभर दारू सारून अशी गोळी उडवून टाकतात. इमोजीनमावशीला ते चालत नाही. गजाला स्क्रू लावायचा, तो गोळीत फिरवायचा, एकाने बंदूक धरायची आणि दुसऱ्याने ओढायचं. घाम निघाला की लक्षात राहतं, असं तिचं म्हणणं.

"ओढायला कोण येईल?" मी विचारलं.

"डेलमर. तुझ्या बाबांच्या, एस्टिलच्या, दोन्ही त्यानेच ओढल्या."

"बाबांनी कोरडी ठासली होती?"

"दोनदा. क्लबाच्या शेडच्या दारावर लिहिलंय, जाऊन वाच. वाचायला आवडतं ना तुला?"

मी दस्ता पोटाशी कवटाळला आणि टाचा मातीत रोवल्या. डेलमरने गजाची मूठ धरली. तो ओढू लागला आणि मी बंदुकीसकट त्याच्याकडे दोन पावलं सरकले.

"घट्ट धर गं."

"धरलीय."

"मग इकडे कशाला येतेस?"

पुन्हा टाचा रोवल्या. आता मी जीव खाऊन धरलं. गोळी जागची हलत नव्हती.

"काय बोलायचात रे तुम्ही गुरुवारी?"

"लाकडाबद्दल."

"अकरा वर्षं?"

"लाकडात बरंच असतं." त्याने दम घेतला. "झाडाचं एका वर्षाचं वलय धरायचं. टोकापासून टोकापर्यंत तेच. मध्ये कुठे सुरी खाली उतरली की धनुष्य तिथेच मोडतं. माझी पहिली पाच मोडली. एस्टिल इतका हसायचा, खुर्ची धरून बसायचा."

खुर्ची धरून हसणारे बाबा मी पाहिलेले नाहीत. मी सगळं अंग मागे टाकलं. गोळी एकदम सुटली, तो मागे बसला आणि मी गुडघ्यावर आले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

गजाच्या टोकाला वेडीवाकडी गोळी घेऊन तो उठला, पँट झटकली. शिंगाचं बूच काढून त्याने माप माझ्यापुढे धरलं. "सत्तर ग्रेन. एस्टिल सत्तरच घालायचा."

"मला त्यांनी साठ शिकवलं."

"तेव्हा तुझा खांदा बारा वर्षांचा असेल," तो म्हणाला. टोमणा नव्हता. नुसतं खरं होतं ते, म्हणूनच झोंबलं.

नवशिक्यालाही कळलं असतं की पन्नास यार्डांवरच्या फळीसाठी या बंदुकीचा नेम सत्तर ग्रेनवर बसवलेला आहे. मलाही कळत होतं.

"साठ," मी म्हणाले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साठ मोजून दिले. मी दारू ओतली, चकती, गोळी, गज. टोपी. बार झाला. पांढरा धूर ओढ्याकडे गेला आणि गंधकाच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. कारण मिळालं, तेव्हा मी ते पुसलं नाही.

गोळी फळीला लागली होती. काळ्या ठिपक्याच्या वीतभर खाली.

"लागली," मावशी म्हणाली. "बंदूक पोरीची. पुढचे, चला."

डेलमर माझ्याबरोबर फळीपर्यंत आला. भोकात करंगळी घालून पाहिली. सत्तर घातले असते तर, एवढंच त्याने म्हणावं म्हणून मी थांबले. मला त्याला उत्तर द्यायचं होतं, ते तयारही होतं. तो काही बोलला नाही. ओठ मिटून, मान किंचित कलती करून उभा राहिला, आणि माझी फजिती माझ्यापाशीच राहू दिली.

ते गप्प राहणं कोणाचं होतं, मला लगेच ओळखू आलं. घरात आम्ही त्याला बाबांचा अबोला म्हणायचो, आणि मी चाळीस वर्षं त्याच्यावर रागावून होते.

"गाडीपर्यंत आणून देऊ?" त्याने बंदुकीकडे हात केला.

"नको," मी म्हणाले आणि ती एकटीनेच उचलून नेली.