काड जाळायला कोणी शिकवलं

तुम्ही खोटं छापलंत. गुळगुळीत कागदावर, चार रंगांत, वर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो लावून छापलंत: 'अज्ञानापोटी शेतकरी गव्हाचं काड जाळतो आणि जमिनीचा जीव घेतो.' अज्ञान कोणाचं? ज्या कचेरीतून हे पत्रक निघालं, त्याच कचेरीतून पस्तीस वर्षांपूर्वी नेमकं उलटं सांगणारं पत्रक निघालं होतं. दोन्ही पत्रकं वाटणारा माणूसही एकच. त्याला एका शब्दाने विचारलंत?

कशाला विचाराल! तो तर साधा कृषी सहायक. लोक तोंडावर त्याला 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'पत्रक्या'. निवृत्तीला चार महिने उरले होते. डोक्यावर केस कमी आणि मोटारसायकलच्या डिकीत कागद जास्त, अशी त्याची अवस्था.

त्या दुपारी सोसायटीच्या गोदामात चाळीसेक शेतकरी रिकाम्या पोत्यांवर बसले होते. पेरणीला वीस दिवस होते. शेतांत मागच्या गव्हाचं काड अजून उभं होतं, कारण हल्ली सगळे पेरणीच्या तोंडावरच पेटवत. कोणी पेटवायच्या आत त्यांचं मन वळवायचं, एवढंच त्याचं काम. कचेरीला सभेचे फोटो हवे होते. त्याला मात्र खरोखरच वळवायचं होतं. नोकरीतलं एक तरी काम धड करून घरी जावं, अशी त्याची इच्छा होती, आणि ती त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती.

त्याने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीतल्या 'अज्ञानापोटी'वर गाडी अडली.

"काय रे, चष्मा विसरलास का?" मागून आवाज आला. वजनकाट्याला टेकून त्याचा थोरला भाऊ उभा होता. दादा. गावात दादाने केलं की बाकीचे करत, आणि दादाने नाही केलं की बाकीच्यांना निमित्तच मिळे.

चष्मा नाकावरच होता. दिसत मात्र भलतंच होतं. त्याला बाबा दिसत होते.

बाबा कापणीनंतर शेताला हात लावत नसत. गुडघ्याएवढं काड तसंच उभं ठेवत. मेंढपाळ यायचा, चार दिवस मेंढ्या शेतात बसवायचा आणि जायचा. काड हळूहळू वाकायचं, कुजायचं. पेरणी आली की बाबा जुन्या दोन ओळींच्या मधून बैलांची पाभर चालवून बी पेरत. एक वर्ष गहू, एक वर्ष हरभरा. काडात चंडोल पक्षी जमिनीवरच घरटं करी. दोघं भाऊ पोटावर सरपटत जाऊन घरटी मोजत, आणि आकड्यावरून भांडत. दादाचा आकडा नेहमी एकाने जास्त, कारण तो थोरला. पाणी पिऊन झालं की बाबा भांड्यातलं उरलेलं पाणी ढेकळांवर ओतत आणि म्हणत, "घे बाई, तूही घे." भांडं पालथं होईपर्यंत पाणी गुडुप! त्या ओल्या मातीचा वास आठवला की आजही पत्रक्याचा ऊर भरून येई.

मग बाबा गेले. धाकट्याला नोकरी लागली, आणि सहाच महिन्यांत कचेरीने 'स्वच्छ शेत स्पर्धा' काढली. परीक्षक बूट-मोजे काढून, विजार दुमडून, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालणार. काहीही टोचलं की एक गुण वजा. ही त्यांची शास्त्रीय पद्धत!

"दादा, नांगरायला वेळ नाही," तो तेव्हा म्हणाला होता. "कापणी आत्ता झाली, परीक्षा आठ दिवसांवर आहे. पेटवून देऊ."

"बाबांनी कधी पेटवलं नाही."

"बाबांच्या वेळी कचेरी कुठे होती?"

काडी त्यानेच ओढली. परीक्षक आले, मऊ राखेतून ऐटीत चालले, तळपाय तव्यासारखे काळे करून हसत बाहेर पडले. वहिनी कित्येक वर्षं सांगत असे, "साहेबांचे पाय धुण्यात माझी अख्खी साबणाची वडी संपली." पण ढाल मिळाली, आणि मग 'काड जाळा' असं कचेरीचं पत्रक त्यानेच गावभर वाटलं. दुसऱ्या वर्षी निम्मं गाव काळं झालं, तिसऱ्या वर्षी सगळं.

गोदामात कोणीतरी खोकलं. पत्रक्याने कागदाची घडी घातली.

"हे खोटं आहे," तो म्हणाला. "तुम्ही अडाणी नव्हता. जाळा म्हणून मी सांगितलं. मला कचेरीने सांगितलं. गावातली पहिली काडी मी ओढली."

मग गिरणीवाला म्हणाला, "म्हणजे दिवे यांनी लावले आणि पाप आमच्या माथी!"

"ढाल परत घ्या म्हणावं!" दुसरा ओरडला, आणि हशा पिकला.

हशा ओसरला तसा तो बोलत राहिला, आणि प्रथमच पत्रक न बघता बोलला. काड जाळू नका, त्यातच पेरा. गव्हावर गहू घेऊ नका, मध्ये हरभरा येऊ द्या. खताची गोणी एकदम बंद करू नका, दर वर्षी थोडी कमी करा. पहिल्या वर्षी पीक कदाचित कमी येईल, हेही त्याने सांगितलं. ते पत्रकात नव्हतं.

"आणि पुन्हा तुमचं ऐकून तोंडावर पडलो तर?" गिरणीवाल्याने विचारलं.

चाळीस माना दादाकडे वळल्या.

"मी याचं एकदा ऐकलंय," दादा म्हणाला, आणि चालू लागला.

सभा तिथेच मोडली. पत्रक्या थेट शेतावर गेला. बांधावर वहिनी बियाण्यातले खडे निवडत बसली होती.

"या भावजी. भाषण फक्कड झालं म्हणे? तुमचे दादा तर निम्म्यातून पळून आले."

"रागावलाय?"

"त्यांनाच विचारा. मी काय तुमची पोस्टमन आहे?"

दादा काडाच्या मधोमध उकिडवा बसला होता, हातात पाण्याचं भांडं. भाऊ जवळ आलेला पाहून त्याने उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं. पाणी बशीत ओतल्यासारखं तसंच उभं राहिलं. त्यात आभाळ दिसत होतं. दोघं बघत बसले. बऱ्याच वेळाने ते उन्हानेच आटायला लागलं.

"तू काडी ओढलीस ना, तेव्हा चंडोल वर गिरक्या घालत होता," दादा म्हणाला. "खाली घरटं होतं. तुझं लक्ष घड्याळाकडे."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी नोकरी नवी होती."

पत्रक्याने भावाच्या हातातलं भांडं घेतलं आणि उगाच सदऱ्याने पुसत राहिला.

"ठेवतो काड," दादा उठत म्हणाला. "अर्धं-बिर्धं नाही, सगळं शेत. तुझ्यासाठी नाही, उगाच फुगू नकोस. पण पेरू कशाने? बैल गेले, बाबांची पाभर सरपणात गेली. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात काड अडकतं, दहा पावलांवर नळ्या तुंबतात. तुझ्या पत्रकात चौथ्या पानावर काडात पेरणाऱ्या यंत्राचा फोटो आहे. ते कुठंय?"

'कचेरीत उपलब्ध', असं फोटोखाली लिहिलेलं होतं. बासष्ट गावांना मिळून एक.

एव्हाना गिरणीवाला आणि आणखी दहा-बाराजण बांधावर येऊन उभे होते. सभेतून उठलेला दादा काय करतो ते बघायला ते आले होते, आणि तो काड ठेवतोय हे ऐकून त्यांचंही ठरलं होतं. पत्रक्याने कचेरीत फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"साहेब, आमचं गाव तयार आहे. यंत्र हवंय."

"अरे वा! फोटो काढले ना? यादीत नाव टाकून ठेवतो."

"कितवं?"

"बघू... अठ्ठेचाळिसावं."

"एका गावाला किती दिवस?"

"दोन तरी लागणारच."

"म्हणजे आमच्या आधी चौऱ्याण्णव दिवस. गहू पेरायला आम्हाला मिळतात बारा."

"तुमचं काम जागृतीचं आहे हो. यंत्राचं वरून ठरतं. आणि निवृत्तीच्या तोंडावर कशाला उगाच..."

नेहमीचं 'हो साहेब' त्याच्या ओठांपर्यंत आलं.

"थांबलात का, भावजी?" वहिनी बांधावरून म्हणाली. "विचारा की!"

"साहेब," तो म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही सांगितलं आणि यांनी ऐकलं. या वेळीही ऐकलंय. काड उभं आहे, माणसं उभी आहेत, विसाव्या दिवशी इथे बी पडलं नाही तर ते पुन्हा पेटवतील आणि तुम्ही पुन्हा त्यांनाच अडाणी छापाल. यादी नको. वरून खालून नको. यंत्र या शेतात कोणत्या तारखेला येणार? फोन ठेवू नका. तारीख सांगा."