सगळ्यात वाईट महिना

आमच्या ह्यांनी समुद्राचंही वेळापत्रक आखलं. बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावण्यात उभी हयात गेली, दुसरं काय सुचणार? स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता, बारा महिने, प्रत्येकापुढे वारा, पाऊस, पाणी किती नितळ, गर्दी किती. तीन वर्षं झाली, प्रत्येक महिन्यावर फुली. पाणी स्वच्छ तर माणसांची झुंबड, झुंबड नाही तर वारा, वारा पडला तर जेलीफिश.

मी बावीस वर्षं तरणतलावावर पोहायला शिकवते. तळाशी निळ्या फरश्या, त्यातल्या सतरा फुटलेल्या. एकदा खऱ्या समुद्राच्या तळाशी जाऊन यायचं, एवढंच माझं मागणं. त्यासाठीच तो तक्ता.

आणि आता डाव्या कानाने दगा दिला. मागच्या आठवड्यात एक मुलगी पाण्यातून हाका मारत होती आणि मी ढिम्म. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतलं हाड आखडलंय, दोन महिन्यांनी ऑपरेशन. "त्यानंतर डायव्हिंगचं नाव काढायचं नाही. जायचं तर आधी जाऊन या."

घरी आले ती एका जागी बसवेना. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. हे तक्त्यापुढे उभे.

"ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललं तर? त्यातल्या त्यात बरा हंगाम तेव्हाच लागतो."

"आणि तोवर तलावावर कोण उभं करेल मला? कान बरा होईस्तोवर पाण्याजवळ नको, असं मॅनेजरने तोंडावर सांगितलंय."

"अगं, पण सध्या पाणी गढूळ असतं. चार हातांपलीकडचं दिसत नाही."

"मग चार हातांतलं बघेन!"

माझा आवाज चढला. इतकी वर्षं मी त्या फुल्या मुकाट्याने मान्य केल्या, त्याचाच संताप येत होता. "अहो, तुमच्या गाड्या काय ऊन पडल्यावरच सुटतात?"

ह्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग खुर्चीत बसले.

"महिन्यांत खोट नाही गं. जेलीफिशचं तर मी ऐकीव लिहिलं. तू खाली जाणार आणि मी बोटीत घड्याळ बघत बसणार. ते मला जमायचं नाही."

तीन वर्षं! डोक्यात तिडीक गेली, आणि त्यांची दयाही आली. या माणसाला पाण्यात पाय बुडवायचीही भीती वाटते, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. तरी कधी विचारलं नाही.

"किती वेळ असशील खाली?"

"चाळीस मिनिटं."

"पंचेचाळीस झाली तर?"

"तर पाच मिनिटं उशीर. तुमच्या गाड्यांना होत नाही?"

ते हसले नाहीत. मी त्यांच्यासमोरच फोन काढला आणि पुढच्या शुक्रवारची डायव्हिंगच्या बोटीची दोन तिकिटं काढली. त्यांनी अडवलं नाही.

मग म्हणाले, "वर आलीस की मी बोटीतून हाक मारेन. ऐकू येईल ना?"

"उजव्या बाजूने मारा," मी म्हटलं.