दारातली सगुणाबाई

ख्रिस्ती झालेले भास्करराव मिशनच्या दवाखान्यात सेवा करायला झांजिबारला गेले आणि ठाण्याच्या घरात त्यांची बायको सगुणाबाई व लहानगी लेक रूथ दोघीच उरल्या. एका दुपारी कल्याणहून थोरले दीर, जे हिंदूच राहिले होते, दोन गडी घेऊन दारात आले.

"सगुणा, बाजूला हो. पोरीला आम्ही आपल्या धर्मात परत नेतोय."

सगुणाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"दादा, तिच्या वडिलांनी तिला माझ्या हवाली केलंय. न्यायचीच असेल तर मला तुडवून न्या."

बाईमाणसाला हात लावायला गडी धजेनात. "पुन्हा येईन," असं बजावून दीर निघून गेले.

सगुणाबाईंनी कडी घातली आणि रूथला पोटाशी धरून प्रार्थना सुरू केली. डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत; ते दाराच्या कडीवर होते.