ट्रम्पेटवालीची टाकी

मित्रांनो, मी चार मजली इमारतीच्या गच्चीवरची जुनी लोखंडी टाकी आहे. कितीतरी वर्षांत माझ्या पोटात पाण्याचा थेंब पडलेला नाही. तरीही माझ्याइतकी भाग्यवान टाकी तुम्हाला शोधून सापडायची नाही.

मला बनवणारा वेल्डर हाताचा पक्का होता. काम संपल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ही गळली तर मला येऊन विचारा!" पुढे सगळ्या इमारतीच्या आंघोळी, स्वयंपाक आणि धुणीभांडी माझ्याच जिवावर चालली. पण अखेर तळाला गंज धरला आणि मी ठिबकू लागले. माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या दोन काळ्या टाक्या येऊन बसल्या. माझं झाकण उघडं टाकून लोक मला विसरले.

तिसऱ्या मजल्यावर एक बसचालक राहत असे. त्याच्या मुलीला तिच्या मामाने आपला जुना ट्रम्पेट दिला आणि इमारतीची शांतता गेली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून सकाळी झोपायच्या. त्या जिन्यातून ओरडायच्या, "अहो, त्या भोंग्याला आवरा!" मुलांनी ते नाव उचललं. पोरगी सगळ्यांची 'भोंगा' झाली.

एके दिवशी ती डोळे पुसत गच्चीवर आली, शिडी चढली आणि माझ्या पोटात उतरली. तिने एक सूर फुंकला. तो माझ्या भिंतींवर आदळून गोल गोल फिरत राहिला. ती दचकली, मग खुदकन हसली.

मग ती रोज येऊ लागली. घाईने वाजवलं की माझ्या पोटात नुसता गोंगाट व्हायचा. म्हणून ती एक सूर सोडायची आणि तो विरेपर्यंत थांबायची. हे थांबणं तिला मी शिकवलं, हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

एका दुपारी माझ्या पत्र्यावर टकटक झाली. बाहेर नर्सबाई उभ्या होत्या.

"आत तूच ना गं?"

"हो मावशी. झोपमोड झाली का? बंद करते."

"बंद कसलं करतेस? ते शेवटचं मध्येच का सोडलंस? पुरं कर, म्हणजे माझा डोळा लागेल."

त्या उन्हाळ्यात पाणी अपुरं पडू लागलं. सोसायटीचे सेक्रेटरी वेल्डरला घेऊन आले. "हिचा तळ बदला. पुन्हा भरू हिला," ते म्हणाले. खरं सांगते, माझं मन उचंबळून आलं. पाणी कुठल्या टाकीला नको असतं? पण समोर भोंगा ट्रम्पेट छातीशी धरून उभी होती. शहराच्या वाद्यवृंदासाठीची निवड तोंडावर आली होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला पाणी नकोसं झालं.

तिच्यामागून वर आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "पाण्याला आणखी एक प्लॅस्टिकची टाकी आणा. या पोरीला दुसरी जागा कुठून आणाल?"

"अहो, रोज तक्रार तुमचीच असायची ना?"

"असायची. आता हेही मीच सांगते. शिवाय आत पोर उकडून निघते. टाकीला एक दार पाडून द्या."

सेक्रेटरींनी डोकं खाजवलं. बसचालक पुढे झाला. "नवी टाकी मी खांद्यावरून वर आणतो," तो म्हणाला. तेव्हा कुठे ते राजी झाले.

वेल्डरने माझी कूस कापली. दुखलं नाही असं नाही. आता मी पुन्हा कधीच पाणी धरणार नव्हते. पण त्या दारातून उजेड आला आणि माझी भोंगा ताठ मानेने आत आली.

तिची निवड झाली. परीक्षकांनी विचारलं, "या वयात वाजवण्यात हा निवांतपणा कुठून आणलास?"

"आमच्या गच्चीवरून," ती म्हणाली.

पहिला कार्यक्रम तिने वडिलांच्या बस डेपोत केला. चालकांनी इंजिनं बंद करून तो ऐकला. पुढे देशोदेशीची सभागृहं तिच्यासाठी भरली. आता तिचे चाहते धापा टाकत वर येतात, दारातून वाकून 'आऽ' करतात आणि मी त्यांना ऐटीत ओ देते.

सध्या दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमनकाका माझ्यात बसून व्हायोलिन शिकतात. अगदी कान किटतील असं वाजवतात. वाजवू देत!

मित्रांनो, मला पाटी नको, रंगरंगोटीही नको. गंज तेवढा वेळच्या वेळी खरवडा. चांगलं वाजवणाऱ्यांसाठी सभागृहं पुष्कळ आहेत. पण ज्याला अजून नीट येत नाही, त्याने चुकायला एवढीशी जागा मागितली तर त्याला नाही म्हणू नका.