मेरिलिनची पांढरी गाडी

मी एक जुनी, पांढरी मोटारगाडी आहे, मित्रांनो. रेनमार्क गावच्या संत्र्यांच्या बागांमध्ये माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून निघाले तेव्हा चकचकीत होते. मेरिलिन टोझरकडे आले तेव्हा माझं दार एकदा आपटून लागत नव्हतं. तरी ती कौतुकाने बोनेट थोपटायची. म्हणायची, "म्हातारे, तू कधी दगा दिला नाहीस."

मेरिलिन हंगामात संत्री तोडायची. हंगाम सरला की सरकारी बेकारभत्ता घ्यायची. त्यासाठी तिला सरकारने नेमलेल्या एका खासगी ठेकेदाराच्या कचेरीत हजेरी लावावी लागे. लोकांना नोकऱ्या शोधून देणं हे त्याचं काम. पुढे सरकारी संगणकाने तिची हंगामाची कमाई वर्षभरात सारखी वाटून टाकली. त्यामुळे बेकारीच्या महिन्यांतही ती कमावत होती असं दिसलं, आणि त्याने ठरवलं, की बाईने भत्ता लबाडीने घेतला. तो परत करा.

फोनला रेंज रस्त्यावरच यायची, म्हणून ती माझ्यात बसून फोन लावायची. "अहो, बोलायला एखादा माणूस द्या ना!" पलीकडे गाणं वाजत राहायचं.

शेवटी पैसे भरायला तिने मला विकलं. शेजारच्या कोस्टा व्लाहोस या म्हाताऱ्या बागायतदाराने मला घेतलं. गाडी नाही, म्हणून मेरिलिनची हजेरी चुकली आणि भत्ताच बंद झाला.

कोस्टाला हे कळलं, तसा तो तिला माझ्यात बसवून थेट कचेरीवर गेला. तिथला तरुण कारकून डेल दारात सिगारेट ओढत होता.

"माझ्या हातात काही नाही, मेरिलिन. भत्ता आपोआप बंद होतो."

"मग कुणाच्या हातात आहे? नाव सांग."

"खरंच माहीत नाही गं."

"मग पगार कसला घेतोस रे, भल्या माणसा?" कोस्टा खेकसला. डेल सिगारेट विझवून आत गेला.

तो हिवाळा मेरिलिनने कोस्टाच्या घरच्या मसुराच्या सूपावर काढला.

काही वर्षांनी सरकारनेच कबूल केलं, की वसुली बेकायदा होती. पैसे परत आले. चौकशी बसली, मेरिलिनला साक्षीला बोलावलं. कोस्टाने मला धुतलं आणि आम्ही शहरात गेलो. संध्याकाळी ती येऊन माझ्यात बसली, पण पट्टा लावेना.

"माफी मागितली का गं कुणी?" कोस्टाने विचारलं.

"मागितली ना. 'झालेल्या त्रासाबद्दल' म्हणे. झालेल्या! केलेल्या नव्हे."

कोस्टाने हात लांबवून तिचा पट्टा लावला आणि किल्ली फिरवली.

आता मी बागेच्या कडेला उभी असते. टायर बसलेत. माझं काही गाऱ्हाणं नाही, मित्रांनो. पण मी कुणाच्या कुंपणाला धडकले, तर लोक मला जाब विचारत नाहीत; गाडी कोण चालवत होतं, ते विचारतात. तुम्ही मोठे व्हाल, कचेऱ्यांत बसाल, यंत्रं चालवाल. ती कुणाला लागली, तर खाली उतरून बघा. आणि आपलं नाव सांगा.