चौतिसाचं टोक

तेलगावच्या पुढे उसाच्या फडांमध्ये मळीपासून गॅस तयार करणारा प्रकल्प आहे. तिथली प्रयोगशाळा प्रियदर्शनी उजगरे सांभाळायची. कुठला वायू किती आहे हे वजनावरून ओळखणारी, टेबलावर मावतील अशी दोन मास स्पेक्ट्रोमीटर तिच्याकडे चाचणीला आली होती. त्यातलं कोणतं घ्यायचं, हे तिनं ठरवायचं होतं.

त्या सकाळी तिनं दोन्हींना एकाच टाकीतला वायू दिला. टाकी रिकामी करून आत पंख्यानं हवा मारली होती, आणि आता तळाचा गाळ काढायला माणसं उतरणार होती. तिची नळी थेट तळापर्यंत सोडलेली होती.

त्यातल्या एकाचा विक्रेता हरिओम शेजारीच उभा होता. त्याच्या यंत्रानं चटकन उत्तर दिलं, हवा स्वच्छ. जीवघेणा हायड्रोजन सल्फाइड शून्य. दुसऱ्या यंत्राच्या आलेखावर मात्र चौतीसच्या जागी एक टोक वर आलं. सल्फाइडचं वजन चौतीसच.

"मॅडम, तो ऑक्सिजन आहे," हरिओम हसत म्हणाला. "साध्या हवेतही थोडा जड ऑक्सिजन असतो, त्याचंही वजन चौतीस. आमचं यंत्र तेवढं वजा करतं. त्यांचं करत नाही."

तो खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती. टोक जड ऑक्सिजनचं की विषाचं, हे नुसतं बघून कळणार कसं?

बाहेरून पाळीप्रमुख तानाजीचा आवाज आला. "उतरा रे! झाकणापाशी वायूचा अलार्म गप हाय, वासबी न्हाई!"

वास नाही, हे ऐकून ती अधिकच घाबरली. हा वायू वाढला की नाकच बधिर होतं. ती धावत बाहेर गेली. कंबरेला दोर बांधलेल्या शहादेवमामांचा एक पाय झाकणातून आत गेला होता.

"मामा, थांबा! पाय बाहेर काढा!"

"कावून ताई? सगळं ठीक हाय म्हनत्यात की."

"मला अजून खात्री नाही."

तानाजी वैतागला. "मॅडम, खात्री न्हाई म्हंजे काय? माणसं कवाची तयार हायेत. तुमच्या दोन डब्यांच्या भांडणात आमी किती ताटकळायचं?"

"जरा थांबा. चुकले तर मला बोला."

आत येऊन तिनं दुसऱ्या यंत्राची नळी खिडकीबाहेर धरली. साध्या हवेत ऑक्सिजन तेवढाच राहिला, चौतिसाचं टोक मात्र निम्म्यावर आलं. नळी पुन्हा टाकीला जोडली तसं ते उंचावलं.

"हरिओम, ऑक्सिजन दोन्हीकडे सारखा. मग जड ऑक्सिजन टाकीतच दुप्पट कसा?"

त्यानं आपल्या यंत्राची सेटिंग उघडली. "काल शून्याची रेषा लई हलत होती मॅडम," तो म्हणाला. "चाचणीत बरी दिसावी म्हणून मी... वजाबाकी वाढवून ठेवली."

तिनं आपल्या गळ्यातला वायूचा अलार्म दोराला बांधला आणि झाकणातून तळापर्यंत सोडला. गाळाजवळ पोचताच तो किंचाळायला लागला. तानाजीनं स्वतः धावत जाऊन पंखा पुन्हा लावला. शहादेवमामा झाकणापासून मागे सरले, कंबरेचा दोर सोडू लागले. गाठ काही सुटेना. शेवटी प्रियदर्शनीनंच ती सोडली.

दुपारी हरिओमनं वजाबाकी नीट केली. मग दोन्ही यंत्रं एकच सांगू लागली. त्याचं यंत्र हलकं होतं, चपळही होतं. तरी तिनं दुसरंच निवडलं. त्यावर कच्चा आलेख झाकता येत नव्हता.

तानाजी कुरकुरला, "ते तापायलाच अर्धी सकाळ घेतंय मॅडम."

"घेऊ द्या," ती म्हणाली. "तोवर माणसं बाहेर बसतील."