दोन विभागांची नदी

सांगलीच्या तरन्नुमला पीएचडीसाठी पाठ्यवृत्ती मिळाली, ती रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र आणून नदीचा अभ्यास करण्यासाठीच. आढावा बैठकीत तिनं कृष्णेत मासे का मेले ते मांडलं. पाण्यातल्या प्राणवायूचे आकडे आणि मासेमारांनी सांगितलेली हकिगत तिनं शेजारी शेजारी ठेवली होती.

"या गप्पा काढून टाक. हे विज्ञान नव्हे," रसायनशास्त्राचे डॉ. शिंत्रे म्हणाले.

"आणि ते आकडे आमच्याकडं नकोत बाई," समाजशास्त्राच्या डॉ. बाबर म्हणाल्या.

"दोघांचं ऐकलं तर मेलेले मासे तेवढे उरतील, सर," तरन्नुम म्हणाली. "मी काहीच काढणार नाही."

तिची पाठ्यवृत्ती थांबवण्याच्या शिफारशीवर दोघांनी लगेच सह्या केल्या. दोन्ही विभागांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम होतं.